‘कर्टसी’ आणि आपले ‘तू’



आपली मुले शाळेतून ‘कर्टसी’ हा इंग्रजी शब्द शिकून येतात. प्लीज आणि थँक यू म्हटले की कर्टसी झाली, असे त्यांना वाटते. या शब्दाचे मूळ ‘कोर्ट’, म्हणजे राजदरबार. दरबारात वावरण्याची रीत ती कर्टसी. आपला ‘सभ्य’ शब्दही असाच सभेतून आला. ‘सौजन्य’ मात्र सुजनापासून आला, म्हणून तो मला अधिक आवडतो. हल्ली तो बिचारा छायाचित्रांखाली छापण्यापुरता उरला आहे.

१६११ च्या इंग्रजी शास्त्रात, प्रेषितांची कृत्ये २७:३ येथे, यूल्य शताधिपती बंदिवान पौलाशी ‘कर्टसी’ने वागला असे भाषांतर आहे. त्याने पौलाला सीदोनात मित्रांकडे जाऊ दिले. पुढल्या अध्यायात जहाज फुटल्यावर मिलिता बेटावरील लोकांनी पावसाथंडीत शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. तेथे भाषांतरकारांनी ममतेचा वेगळाच शब्द घातला. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकाच कुळातला शब्द आहे, आणि त्याचा अर्थ माणसावरील प्रीती. दरबाराचा तेथे काही संबंध नाही. या बेटवाल्यांना लूक ‘बर्बर’ म्हणतो, म्हणजे ग्रीक न बोलणारे. आलेले लोक २७६. त्यांत सैनिक, खलाशी, कैदी सगळेच.

भेस्तानात राहणाऱ्यांना हे नीट कळावे. उधना आणि सचिन यांच्या मधले हे स्टेशन. इथे मराठी, अहिराणी, गुजराती, उडिया, भोजपुरी सारेच कानी पडते. लूमवर बारा तासांची रात्रपाळी करून, केसांत धाग्यांचे तंतू घेऊन एखादा भाऊ उपासनेला येतो आणि दाराशी घुटमळतो. त्याला आपण म्हणतो, “ए, तिकडे सरक.” त्याच्यामागून इस्त्रीच्या कपड्यांतले पाहुणे येतात. त्यांना, “या साहेब, पुढे बसा.” याकोबाने दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याविषयी जे लिहिले, ते आपल्याच बाकांविषयी आहे.

कोणी म्हणेल, मराठीत ‘तू’ म्हणणे काही पाप नव्हे. खरेच आहे. आईला आपण तू म्हणतो. प्रार्थनेत देवालाही तूच म्हणतो. ते तू जवळ नेणारे आहे. दाराशी उभ्या असलेल्या भावाला म्हटलेले तू त्याला दारातच ठेवते. इंग्रजीत आज सर्वांना एकच ‘यू’, त्यामुळे प्लीज लावून निभावते. मराठीत क्रियापदच आपली साक्ष देते: ये की या, बस की बसा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. थँक यू पाठ करून घेण्याआधी, मंदिर झाडणाऱ्या बाईंना मुले काय म्हणून हाक मारतात ते ऐका. आणि मुलांनी ती हाक कोणाच्या तोंडून उचलली तेही पाहा. आणि कृत्ये २८ शिकवताना दहावे वचन वगळू नका. तीन महिन्यांनी पौल निघाला तेव्हा त्याच बर्बरांनी प्रवासाला लागेल ते सर्व सामान आणून जहाजात भरले.