वाळूवरचे बिऱ्हाड

जेथून एक दिवस उठायचेच आहे, त्या जागेला जीव लावावा काय? पलटणीतल्या संसाराला हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी पडतो. जैसलमेरला बदली होऊन आलेले एखादे मराठी कुटुंब घ्या. रविवारी डबा बांधून मंडळी चाळीसेक किलोमीटरांवरच्या समच्या वाळूकडे निघतात, नाहीतर ओस पडलेले कुलधरा पाहायला जातात. मुले वाळूवरून घसरतात. वडील १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईची हकीकत सांगतात. अशात हुकूम येतो. वडिलांना सरहद्दीवरचे ठाणे, जेथे बायकामुलांना नेता येत नाही. मुलांना नवी शाळा, आईला एकटीचे घर.

शहाणे म्हणतील, मग मन गुंतवूच नये. पण त्याच वाळवंटात खेजडी उभी असते, म्हणजे आपण दसऱ्याला पुजतो ती शमी. भोवतालची वाळू वाऱ्यासरशी जागा बदलते. खेजडीची मुळे खोल गेलेली असतात. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे लपविली ती शमीवरच. विराटाघरी त्यांचा मुक्काम अवघ्या वर्षाचा होता. तरी त्याच्या गाई शत्रूने वळविल्या तेव्हा, ‘आम्ही उद्या जाणारी माणसे,’ असे म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत.

मुक्काम किती दिवसांचा, हे हुकूम ठरवितो. तो किती मनापासून करायचा, हे आपल्या हाती असते. निघताना मुले रडतील. रडू द्यावीत. ज्या गावाहून निघताना डोळे भरत नाहीत, त्या गावी आपण राहिलो असे कसे म्हणावे?