तग धरणाऱ्या पेशी

‘लय काटक माणूस’ ही परभणी जिल्ह्यातल्या पालमकडची मोठी शाबासकी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला ती मिळाली, आज उसाच्या फडावर जाणाऱ्यांनाही मिळते. मला या शाबासकीची धास्ती वाटते. हृदयातल्या एका पेशीविषयी वाचत गेलो तशी ती वाढत गेली.

हृदय म्हणजे नुसता स्नायू नव्हे. स्नायुपेशींच्या मधल्या फटींतून संयोजी ऊतीच्या पेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, पसरलेल्या असतात. दोन्ही टोकांना निमुळत्या, लांब फाटे फुटलेल्या. कोलॅजेन तयार करून हृदयाचा सांगाडा त्याच सांभाळतात. रक्तदाब वाढून भिंतीवरची ओढ वाढली, किंवा हृदयविकाराच्या झटक्याने एखादा भाग मेला, की या पेशी रूप पालटतात. त्यांच्या आत आकसणारे धागे तयार होतात आणि कोलॅजेनचं काम जोरात सुरू होतं. जखमेच्या ऊतीत अशा पालटलेल्या पेशी १९७१ साली गॅब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवल्या. झटक्यानंतर त्यांनी वेळेत व्रण भरला नाही, तर हृदयाची भिंत फाटू शकते. म्हणजे हे जीव वाचवणारंच काम आहे.

आणि अन्नच तुटलं तर? पेशी वाढ थांबवते आणि स्वतःचेच जुने, झिजलेले भाग मोडून त्यावर भागवते. ही ऑटोफॅजी. तिची यंत्रणा यीस्टमध्ये उलगडून दाखवणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. मला हा व्यवहार ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीसारखा वाटतो. अडीअडचणीला ती घर तगवते, हंगामात फिटली तर ठीक. पण फिटायच्या आत दुसरी घ्यावी लागली, की माणूस बांधला जातो.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत हृदयातल्या फायब्रोब्लास्टच्या चिवटपणावर काम झालं आहे. प्राणवायू कमी पडल्यावर स्नायुपेशी मरतात, तिथे फायब्रोब्लास्ट तग धरतात. पेशीमृत्यू रोखणारी प्रथिनं त्यांना साथ देतात. मला यातली पुढची गोष्ट अस्वस्थ करते. मेलेल्या स्नायुपेशींची जागा नव्या स्नायुपेशी जवळजवळ घेत नाहीत. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. मग संकटातून वाचलेल्या हृदयात सांगाडा वाढलेला असतो आणि जोर घटलेला. ते ताठरतं, नीट सैलावत नाही, नीट भरत नाही. बाहेरून माणूस काटकच दिसतो. मोळी उचलताना धाप लागते तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

ताण हा मुळात शत्रू नाही. कष्टाने हृदय बळकटही होतं. घात होतो तो उसंत न मिळाल्याने. पालम, गंगाखेड भागातून दिवाळीच्या सुमारास नवराबायको मिळून एक कोयता म्हणून निघतात. पहाटे फडात, दुपारी भाकरी-चटणी, रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला पुन्हा उभं. खाडा पडला की पैसे कापले जातात. चाळिशीतल्या एखाद्या बाईचा रक्तदाब या महिन्यांत वाढलेला असेल, तर तो मोजणार कोण? तो दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि आत कोलॅजेन साठत राहतं. साठलेलं सहजी विरघळत नाही.

औषधं आहेत, आणि ती महाग नाहीत. एनालाप्रिल, लोसार्टानसारख्या गोळ्या दाब उतरवतात आणि फायब्रोब्लास्टना चेतवणाऱ्या संप्रेरकालाही आवर घालतात. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांवर स्पायरोनोलॅक्टोनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, १९७९ पासून तो अमलात आला. भुकेला काटकपणाच्या भरवशावर सोडायचं नाही, एवढं तेव्हा मान्य झालं होतं. हृदयाच्या बाबतीतही ते मान्य व्हायला हवं. उचल हातात पडते त्याच दिवशी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला जावा, गरज असेल त्याला हंगामभराच्या गोळ्या बरोबर मिळाव्यात, फडावर महिन्यातून एकदा कुणीतरी तपासायला यावं. आणि आजारपणाचा खाडा हिशेबात धरू नये.