सुरक्षित म्हणजे कुणापासून?

सार्वजनिक जागा सुरक्षित करा असं सगळेच म्हणतात. मी विचारतो, कुणासाठी? आणि कुणापासून?

बागेला कुंपण घातलं, गेटवर वॉचमन बसवला, फूटपाथवरची भाजीवाली उठवली, की आत फिरणाऱ्याला निर्धास्त वाटतं. उठवलेल्या बाईची भीती मात्र कुठल्याच नकाशात येत नाही.

हे आपल्याला महाडनं शिकवलंय. १९२३ साली बोले ठराव झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागं माणसं चालत गेली, पाणी प्याली. त्याच दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना झोडपलं. ऑगस्टात पालिकेनं ठरावच मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे जागा खुली करणं वेगळं, आणि तिथं माणूस न भिता उभा राहणं वेगळं. ज्याला मार बसतो तो ठराव लिहिताना हजर नसेल, तर ठराव नुसता कागद.

आज कायदे आहेत. १९६६ च्या नगररचना कायद्यानं आराखड्यावर हरकत घेता येते. पण हरकत म्हणजे सैपाक झाल्यावर मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारणं. २०१४ चा फेरीवाला कायदा थोडा पुढं गेला: शहर समितीत निदान ४० टक्के माणसं फेरीवाल्यांनी निवडलेली, त्यात एक तृतीयांश बाया.

कुणी म्हणेल, हे तज्ज्ञांचं काम. दिव्याचा खांब किती उंच, हे तज्ज्ञ सांगेल. कुठल्या वळणावर पोरगी पाय उचलून पळते, ते पोरगीच सांगेल. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायांनी मुताऱ्या फिरून पाहिल्या. पुरुषांना फुकट, बायांना पैसे. हे त्यांनी जाऊन पाहिलं, म्हणून पुढं आलं.

आता आपलं. मी सूतगिरणीत काम करतो. पहाटेच्या अंधारात मी पाळीला एकटा जातो. त्याच पाळीच्या बाया घोळक्यानं जातात. रस्ता एकच, भीती सारखी नाही. तरी वस्तीच्या बैठकीत आपण पुढं, बाया मागं, दाराशी. वरच्यांनी आपल्याला न विचारता नकाशा काढला म्हणून आपण चिडतो. मग आपण त्यांना न विचारता निवेदन लिहिलं, तर ते काय वेगळं?

पुढच्या निवेदनाआधी बायांबरोबर वस्ती चाला. त्या थांबतील तिथं खूण करा. पेन्सिल त्यांच्या हातात द्या.