दुसरा संसार आणि पहिली आठवण



नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांत एखाद्या तरुण विधवेने पुन्हा लग्न करायचे ठरवले, की घरची माणसे म्हणतात, "मग पहिल्याचा फोटो भिंतीवर कशाला?" विधुराला हे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न पाटाच्या रूढीतून आला आहे. विधुराला मांडव मिळे. विधवेचा पाट मात्र रात्री, गुपचूप लागे. कारण ती मेलेल्या नवऱ्याच्याच मालकीची समजली जाई. धम्मात ही मालकी नाही.

बाबासाहेबांकडे पाहा. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९४० साली पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीस अर्पण केला. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दोघांनी मिळून दीक्षा घेतली. म्हणून रमाई पुसल्या गेल्या काय?

अनित्यता म्हणजे विसरणे नव्हे. गेलेल्यासाठी आपले आयुष्य थांबवणे ही तृष्णा. त्याचे उपकार आठवणे ही कृतज्ञता.

तुमच्या घरी अशी लेक किंवा सून असेल, तर तिचे लग्न दिवसाउजेडी, बुद्धवंदना घेऊन लावा. तो फोटो तिला काढायला लावू नका. नव्या नवऱ्यानेही त्याचा हेवा करू नये.

जयभीम!