मूळ रंग

घरातली एकी किती पक्की आहे हे पाहायचं असेल, तर जुन्या वाड्याच्या खिडक्या रंगवायला काढाव्यात. भिंतींवरून भांडण होत नाही. पांढरा म्हटलं की पांढरा. पण खिडक्यांचा विषय निघाला, की ज्याला मेथी आणि शेपू यांतला फरक आजवर कळलेला नाही, तोही शेवाळी आणि पोपटी यांतला फरक समजावून सांगू लागतो.

पुण्यातल्या आमच्या वाड्यात तीन पक्ष पडले. काकूंना हिरवा हवा होता, कारण त्या माप ओलांडून आल्या तेव्हा खिडक्या हिरव्या होत्या. चुलतभावाला होता तोच तपकिरी हवा होता, कारण त्यावर धूळ दिसत नाही. आणि आर्किटेक्चर शिकणारा पुतण्या म्हणाला, "आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. वाड्याचा मूळ रंग असेल तोच द्यायचा."

यावर काय बोलणार? 'मूळ' हा शब्दच असा आहे, की समोरचा उगाच अपराधी दिसू लागतो.

रंगाऱ्याने खरवडायला घेतलं. तपकिरीखालून हिरवा निघाला. काकूंनी पदर सावरून सगळ्यांकडे पाहिलं. हिरव्याखाली निळा निघाला. निळ्याखाली अस्तर आणि अस्तराखाली तेल पिऊन काळवंडलेलं सागवान! म्हणजे मूळ रंग म्हणजे रंगच नाही. मग पणजोबांना मान द्यायचा, की ज्यांनी निळा दिला त्यांना? तेही आमचेच पूर्वज, आणि डबा त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला होता.

जयपूरचंच पाहा. शहर वसलं १७२७ मध्ये, गुलाबी झालं १८७६ मध्ये, तेही इंग्लंडचा युवराज येणार म्हणून. पाहुणा येऊन गेला, रंग राहिला. आज तिथे एखाद्याने 'मूळ रंगाचा' आग्रह धरला, तर परंपरा बुडवली म्हणून गावच अंगावर येईल. परंपरा म्हणजे तरी काय, कुणीतरी एकदा घाईत घेतलेला आणि पुढच्यांनी न खरवडलेला निर्णय!

मला वाटतं, गेलेल्यांशी इमान राखणं तसं सोपं असतं. ते शेडकार्ड मागत नाहीत. पणजोबांची मर्जी आम्ही ठरवू ती. पण काकू हयात आहेत, आणि ज्या दारातून त्या या घरात आल्या, तिथे त्यांच्या ओळखीचं आता खिडक्यांशिवाय दुसरं कोण उरलंय?

आमचं तत्त्वज्ञान रंगात आलं असताना रंगारी म्हणाला, "साहेब, कलर कुठलाबी द्या. खालची पट्टी आन् सांधे तेवढे नीट भरू द्या. पाणी तिथनंच शिरतं." दोन वाक्यांत त्याने चार पिढ्यांचं एकमत सांगितलं. निळेवाले, हिरवेवाले, तेलवाले सगळ्यांचा आग्रह एकच होता, की लाकूड कुजता कामा नये.

शेवटी बाहेरून हिरवा ऑइलपेंट दिला आणि आतून सागवानाला नुसतं तेल. काकू संध्याकाळी ओट्यावर बसून खिडक्या बाहेरून पाहतात, पुतण्या आतून पाहतो, आणि दोघंही आपलंच खरं झालं म्हणून खूश आहेत. राहिला चुलतभाऊ. हिरव्यावर धूळ फार दिसते, हे त्याने पहिल्याच आठवड्यात सिद्ध केलं. तेव्हापासून फडकं त्याच्याकडे आहे.