तारवात बसून जाळी नीट करणारे

शास्त्रपाठ : मार्क १:१६-२०, गलतीकरांस ६:१-२



गालील समुद्राच्या काठाने चालत असता प्रभू येशूने भावांच्या दोन जोड्यांस पाचारण केले. शिमोन व अंद्रिया पाण्यात जाळे टाकीत होते. त्यांच्यावरील उपदेश आपण पुष्कळदा ऐकले आहेत. थोडे पुढे गेल्यावर प्रभूला जब्दीचे पुत्र याकोब व योहान दिसले. ते त्या वेळी मासे धरीत नव्हते. आपल्या तारवात बसून जाळी नीट करीत होते. हा तपशील गाळला असता तरी पाचारणाची कथा अपुरी राहिली नसती; तरीही मत्तय व मार्क या दोघांनी तो जपून ठेवला आहे. कोळ्याचे अर्धे काम पाण्यावर होते आणि अर्धे काठावर. रात्री जे फाटते ते सकाळी बसून शिवावे लागते, जे गळते ते पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी बुजवावे लागते. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कोळी बांधवांना हे निराळे सांगावयास नको.

त्या काळी गालीलातील कोळ्यांचे तारू कसे असे, हे १९८६ साली जगास प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. अवर्षणामुळे सरोवराचे पाणी बरेच खाली गेले होते. त्या वर्षी जानेवारीत गिनोसर येथील दोन कोळी भावांस, प्राचीन मग्दालापासून जवळच, उघड्या पडलेल्या चिखलात एका जुन्या तारवाची कड दिसली. पाण्यात मुरलेले ते लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखे मऊ झाले होते. तज्ज्ञांनी त्यावर फेसाचे कठीण होणारे आवरण चढविले, ते तरंगवीत काठाला आणले आणि अनेक वर्षे रासायनिक द्रवात ठेवून टिकाऊ केले. २००० सालापासून ते गिनोसर येथील संग्रहालयात लोकांस पाहावयास ठेवले आहे. त्याची लांबी ८.२७ मीटर व रुंदी २.३ मीटर आहे. ते इसवी सनपूर्व पहिले शतक ते इसवी सनाचे पहिले शतक या काळातील असल्याचे अभ्यासक मानतात. प्रभू त्यात बसला होता असे म्हणावयास काही आधार नाही. परंतु तो ज्या तारवांत बसला, ती याच धाटणीची असावीत.

या तारवाविषयी अत्यंत बोलकी गोष्ट आहे ती त्याच्या लाकडाची. फळ्या बहुतांशी गंधसरूच्या आणि फासळ्या ओकच्या आहेत; परंतु एकंदर पाहता त्यात दहा-बारा जातींचे लाकूड आढळले. तळाच्या कण्याचा पुढचा भाग त्याहूनही जुन्या एका तारवातून काढून आणलेला आहे आणि मागचा भाग बोरीच्या जातीच्या काटेरी झाडाचा आहे. समुद्रावरील मोठ्या जहाजांच्या कारागिरांनी जे तुकडे टाकून दिले असते, ते येथे कुशल हातांनी जागच्या जागी बसविले आहेत. पुन्हा पुन्हा केलेल्या दुरुस्तीच्या खुणा त्यावर ठिकठिकाणी आहेत. फळी कुजली की ती काढावयाची, हाताशी असेल ते लाकूड तासून तेथे बसवावयाचे आणि तारू पुन्हा पाण्यात लोटावयाचे, असे त्याचे दीर्घ आयुष्य गेले.

आता मार्काने योजिलेल्या शब्दाकडे वळू. 'नीट करणे' यासाठी मूळ ग्रीक भाषेत 'कातार्तिझो' हे क्रियापद आहे. इसवी सनपूर्व २५६ मध्ये समुद्रावरील विजयानंतर रोमी लोकांनी शत्रूची धरलेली जहाजे दुरुस्त करून सज्ज केली, हे सांगताना इतिहासकार पॉलिबियसनेही हेच क्रियापद वापरले आहे. ग्रीक वैद्य निखळलेले हाड बसविण्याच्या क्रियेस याच धातूपासून झालेला शब्द लावीत. आणि पौल मंडळ्यांस पत्रे लिहू लागतो तेव्हा कोळ्यांचा व वैद्यांचा हा शब्द त्याच्या लेखणीतून वारंवार उतरतो. करिंथ येथील फुटीर गटांनी एका मनाने पुन्हा जोडले जावे, असे तो विनवितो (१ करिंथ. १:१०), तेथे हेच क्रियापद आहे. पवित्र जनांस सेवेसाठी सिद्ध करण्याचे काम पाळक व शिक्षक यांस दिले आहे (इफिस. ४:१२), तेथे त्याचेच नाम आहे. आणि कोणी बंधू अपराधात सापडला तर आत्मिक जनांनी त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करावे (गलती. ६:१), तेथेही तेच क्रियापद आहे.

भाषांतर करणाऱ्यास या प्रत्येक ठिकाणी निराळा मराठी शब्द शोधावा लागतो, आणि त्यामुळे मुळातील नाते वाचकाच्या नजरेआड होते. गलतीकरांच्या वचनात 'सुधारणे' म्हटले तर न्यायाधीशाचा सूर लागतो. 'नीट करणे' म्हटले तर फाटलेले जाळे मांडीवर घेऊन बसलेला योहान दिसतो. पौलाच्या मनात हा दुसरा सूर असावा, असे त्याने जोडलेल्या 'सौम्यता' या शब्दावरून वाटते. निखळलेले हाड रागाने ओढून बसत नाही.

येथे एक शंका निघेल. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, असे प्रभूनेच म्हटले नव्हते काय? (मार्क २:२१). म्हटले होते; परंतु जुनी चाल तशीच ठेवून तिला त्याच्या नव्या जीवनाचा नुसता तुकडा चिकटवू पाहणाऱ्यांविषयी ते बोलणे आहे. जे त्याचे स्वतःचे आहे ते तो टाकून देत नाही. ज्या पेत्राने त्याला तीनदा नाकारले, त्याच्याकडे तो त्याच सरोवराच्या काठी पुन्हा आला, निखारे पेटवून न्याहारी सिद्ध केली आणि प्रीतीविषयीच्या तीन प्रश्नांनी त्याला पुन्हा आपल्या कामास लावले. पुढे पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात, थोडा वेळ दुःख सोसल्यावर देव स्वतः तुम्हांस पूर्ण व स्थिर करील, असे आश्वासन येते (५:१०). त्यातील पहिले क्रियापद आपल्या ओळखीचे आहे : कातार्तिझो.

मात्र दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे. कुजलेल्या फळीवरून रंग फिरविला तर तारू काठावर सुंदर दिसते आणि मध्यावर बुडते. फळी काढावीच लागते; त्याला शास्त्रात पश्चात्ताप म्हटले आहे. परंतु एक फळी कुजली म्हणून शहाणा कोळी अख्खे तारू जाळीत नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांत आपण काय करीत आहो? कोणी तरुण दारूच्या आहारी जातो. आपण त्याच्या घरी जाण्याऐवजी त्याच्याविषयी बोलतो. कोणा भगिनीचा संसार मोडतो. ती उपासनेस येईनाशी होते आणि तिची जागा रिकामी आहे हे चार महिन्यांनी आपल्या ध्यानी येते. मिळकतीवरून वा निवडणुकीवरून दोन गट होतात, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेणारे बंधू न्यायालयात समोरासमोर उभे राहतात, आणि दोन्ही बाजूंस आपण सत्यासाठी लढत आहो असेच वाटत असते. अशा वेळी नवे सभागृह किंवा नवा कार्यक्रम उभारण्याचा मोह होतो, कारण नव्याची कोनशिला बसविता येते. शिवलेल्या जाळ्याची कोनशिला कोठेच नसते. पण फाटक्या जाळ्याने कितीही उत्साहाने मासेमारी केली तरी मासे भोकांतून निघून जातात. आपल्याकडे आलेले किती जण असे निघून गेले, याचा हिशेब प्रत्येक मंडळीने देवासमोर करावा.

साधने अपुरी आहेत, ही आपली नेहमीची सबब. महाराष्ट्रापासून दूरच्या शहरांत राहणाऱ्या लहानशा मराठी मंडळ्यांना ती अधिकच खरी वाटते : उपासना महिन्यातून एखादे वेळी, पाळक बाहेरगावचा, गाणारे चार आणि मुलांना मराठी वाचता येत नाही. गालीलाच्या त्या कोळ्यानेही उत्तम लाकूड येईपर्यंत वाट पाहिली नाही. त्याने बोरीचा तुकडाही कण्याला जोडला आणि तारू चालले. एखादी वृद्ध आजी प्रार्थना करू शकते, एखादा विद्यार्थी आजाऱ्याच्या घरी जाऊ शकतो, एखादा नवा विश्वासी दोन रुसलेल्यांस एका पंक्तीला बसवू शकतो. आणि हे काम चाकरांवर सोपवून मोकळे होता येत नाही. जब्दीच्या तारवात मजूर होते, असे मार्क आवर्जून सांगतो. तरी मालकाचे पुत्र स्वतः जाळी नीट करीत होते. प्रभूने त्यांना पाचारण केले ते त्याच कामावर असता.

गिनोसरचे ते तारू शेवटी निकामी झाले. उपयोगाचे भाग काढून घेऊन त्याचा सांगाडा पाण्यात सोडून देण्यात आला असावा, असे अभ्यासक म्हणतात. मनुष्याच्या दुरुस्तीला अशी सीमा आहे. ज्याने तुमच्याआमच्यामध्ये चांगले काम आरंभिले तो मात्र ते सिद्धीस नेईपर्यंत हात आखडता घेणार नाही, अशी पौलाची खात्री होती (फिलिप्पै. १:६). तो आपल्याला नीट करीत आहे म्हणूनच आपण दुसऱ्याला नीट करण्यास बसू शकतो.

या आठवड्यात आपल्या मंडळीतून वाहवत गेलेले एक नाव प्रभूसमोर घ्या, आणि त्या घराचे दार वाजवा. बोलणे थोडे असू द्या, सौम्य असू द्या, आणि स्वतःकडेही लक्ष असू द्या, कारण उद्या फाटलेले जाळे आपले असू शकेल. प्रभू आपणांस तसे करण्यास कृपा देवो. आमेन.