कॅमेरा बंद होता, तरी…



आजचं चिंतन पातंजल योगसूत्रांच्या समाधिपादातल्या चौदाव्या सूत्रावर आहे. अभ्यास पक्का कधी होतो, त्याची जमीन घट्ट कधी बसते, ते पतंजली मुनी इथे सांगतात. अटी तीनच आहेत. तो दीर्घकाळ केलेला असावा, मध्ये खंड न पडता केलेला असावा आणि सत्कारपूर्वक, म्हणजे मनापासून आदर ठेवून केलेला असावा.

या सूत्रावर लिहायचं मी गेले दोन महिने टाळत होते, कारण लिहायचं तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागणार होतं. आज सांगते.

तुमच्यातल्या काही जणांना माहीत आहे की मी योगशिक्षक होण्यासाठी २०० तासांचा ऑनलाइन कोर्स करते आहे. सकाळी ६ ते ७:३० वर्ग, नंतर धावतपळत लोकल आणि ऑफिस. डोंबिवलीतलं आमचं वन बीएचके. पलंग आणि कपाट यांच्या मध्ये मॅट कशीबशी मावते आणि लॅपटॉप स्टुलावर. आसनं, प्राणायाम, शरीररचना, तत्त्वज्ञान, शिकवण्याचा सराव, सगळं त्या स्क्रीनवर. वर्गाशिवाय एक साधना-वहीही होती. वही म्हणजे एक शीट. रोज काय केलं, किती मिनिटं केलं, ते आपणच भरायचं.

पहिला महिना मी अगदी सिन्सियर होते. मग ऑफिसात रिलीज आलं आणि रात्री जागायला लागले. एके दिवशी सकाळी डोळे उघडेनात, म्हणून लॉगिन केलं, कॅमेरा बंद ठेवला आणि आडवी झाले. हजेरी लागली. कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू ठेवून पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी डबा भरला. मनाला समजावलं, ‘कानावर तर पडतंय ना!’ आणि एका रविवारी चहा पीत पीत मागच्या सतरा दिवसांची साधना-वही एका बैठकीत भरून टाकली. सगळे आकडे वेगवेगळे टाकले, खरे वाटावेत म्हणून.

हे लिहिताना आत्ताही हात अडखळतोय.

मग शिकवण्याच्या सरावाचा टप्पा आला. कुणाला तरी प्रत्यक्ष शिकवून त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. आमच्या शेजारच्या काकू आनंदाने तयार झाल्या. वय ५८, उत्साह माझ्यापेक्षा जास्त. मी त्यांना सर्वांगासन शिकवायला घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये छान दिसतं, हे एक कारण होतं. खोटं कशाला बोलू? पाय भिंतीला लावून वर उचलले, पाठीला हात दिले, अर्धा मिनिट थांबवलं. खाली आल्या तेव्हा चेहरा लालबुंद. डोकं धरून बसून राहिल्या. म्हणाल्या, “अगं, ठणकतंय खूप. गरगरतंय.”

घरात बीपीचं मशीन होतं. १७०/१०० आलं. काकूंना बीपीची गोळी चालू आहे, हे मला तेव्हा कळलं. तेव्हा! आसन करून झाल्यावर!

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर लगेच आले. विश्रांती, औषध, आणि संध्याकाळपर्यंत बीपी खाली आलं. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू? पण काकू सहज एक वाक्य बोलल्या, ते अजून आत रुतून बसलंय. म्हणाल्या, “मी सांगायलाच विसरले बघ. मला वाटलं, तू शिकतेयस, तुला माहीत असेल काय विचारायचं ते.”

मला माहीत असायला हवं होतं. बीपी असेल, मानेचं दुखणं असेल, तर सर्वांगासन करायचं नाही, हे आमच्या बाईंनी एक अख्खा वर्ग घेऊन सांगितलं होतं. त्या वर्गात मी ‘हजर’ होते. रात्री शीट उघडून पाहिलं. त्या तारखेसमोर माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, ‘सर्वांगासन, ९० मिनिटं’. त्या ९० मिनिटांत मी भेंडी चिरत होते.

रात्रभर बसून हिशोब केला. ११२ तास भरलेले, त्यातले ३८ खोटे.

आता आपण सूत्राकडे येऊ.

आपल्यापैकी बरेच जण विचारतात, “ऑनलाइन शिकणं खरं असतं का? गुरू समोर नको का?” प्रश्न बरोबर आहे. महाराष्ट्रात योग शिकायला माणसं वाट तुडवत जात आली आहेत. १९१८ साली श्रीयोगेंद्रांनी मुंबईत योग इन्स्टिट्यूट सुरू केली, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. हे दोघेही गुजरातेत नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींच्या पायाशी बसून शिकलेले. समोर बसण्याचं मोल कमी नाहीच. गुरूंना तुमचा खांदा वर आलेला दिसतो, श्वास अडकलेला ऐकू येतो. स्क्रीनवर ते निम्मं दिसतं, आणि कॅमेरा बंद असेल तर तेही नाही.

पण दुसरी बाजूही बघा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. गुरू कृष्णमाचार्य दूर मैसूरला. लहानपणापासून आजारांनी पिचलेलं शरीर, आणि इथे मराठी मुलखात लोकांना शिकवायचं! रोज खांदा सरळ करायला गुरू येत नव्हते. ते एकटेच तासन् तास करत राहिले. त्यांची बैठक घट्ट झाली ती गुरूंपासून शेकडो मैल दूर असताना. म्हणजे अंतर ही अडचण असते, पण सबब होऊ शकत नाही.

आणि आपली गीता? ती आपल्यापर्यंत कशी आली? कुरुक्षेत्रावर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगत होते, आणि आपण ती ऐकतो संजयाच्या तोंडून. व्यासांनी संजयाला दिव्यदृष्टी दिली होती. त्याआधी व्यासांनी धृतराष्ट्रालाही विचारलं होतं, तुला युद्ध पाहायचंय का, दृष्टी देतो. धृतराष्ट्र म्हणाला, आपल्याच माणसांचा संहार मला बघवणार नाही, मी फक्त ऐकेन.

थोडं थांबून विचार करा. शब्द तेच, कथाही तीच, आणि दोघांपुढे एकच उपदेश. गीता संपताना संजय आनंदाने भरून आलाय, आठवून आठवून पुन्हा पुन्हा हर्ष होतोय म्हणतो. आणि धृतराष्ट्र? पहिल्या श्लोकात ‘माझी मुलं आणि पांडूची मुलं काय करताहेत’ एवढं विचारून जो गप्प झाला, तो गीतेत पुन्हा बोललाच नाही. सगळं कानावर पडलं. आत काही उतरल्याची एकही खूण नाही.

‘कानावर तर पडतंय ना’ हे माझं वाक्य आठवलं आणि मला कापरं भरलं. मंडळी, मी धृतराष्ट्राच्या जागी बसले होते. मला दिसावं म्हणून जे होतं, ते मीच बंद करून ठेवलं होतं.

पतंजलींची तिसरी अट, सत्कार, इथे लागू पडते. व्यासभाष्यात सांगितलंय की तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा यांनी केलेला अभ्यास म्हणजे सत्कारपूर्वक अभ्यास. मला ते साध्या भाषेत असं समजलं : घरी पाहुणे आले, त्यांना बसायला सांगितलं आणि आपण आत जाऊन झोपलो, तर तो सत्कार होतो का? मी रोज सकाळी सहा वाजता विद्येला घरी बोलवत होते आणि स्वतः आत निघून जात होते.

पहिली अट दीर्घकाळाची. २०० तास हा आकडा आपल्याला केवढा मोठा वाटतो! ऑफिसच्या आठ तासांच्या दिवसाने भागलं तर होतात २५ दिवस. एवढ्यात आपण कुणाच्या तरी मानेची, पाठीची, श्वासाची जबाबदारी घ्यायला निघतो. पतंजलींनी ‘दीर्घकाळ’ म्हटलं, तास सांगितले नाहीत. प्रमाणपत्र म्हणजे शिकायला सुरुवात करण्याची परवानगी, असं आता मी समजते. त्यातही मी ३८ तास चोरले. यमांमध्ये सत्य आहे आणि अस्तेय आहे. अस्तेय म्हटलं की आपल्याला पाकीट मारणारा आठवतो. पण मी काकूंचा विश्वास घेतला होता, आणि त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ही चोरीच.

सकाळी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मनात कुठेतरी वाटत होतं की बाई म्हणतील, ‘कबूल केलंस, यातच सगळं आलं.’ बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. बराच वेळ गप्प राहिल्या. मग पहिला प्रश्न, “काकू कशा आहेत?” मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग म्हणाल्या, “३८ तास खोडून टाक आणि पुन्हा कर. या बॅचमध्ये तुला प्रमाणपत्र मिळणार नाही. आणि हो, नवीन कोरी शीट करू नकोस. त्याच शीटवर खोड. खाडाखोड दिसू दे.”

फोन ठेवताना म्हणाल्या, “काकूंना तू स्वतः जाऊन सांग. मला सांगणं सोपं होतं.”

खरंच सोपं होतं. काकूंच्या दारात मी पाच मिनिटं उभी होते. आत जाऊन सांगितलं, की त्या दिवशीचा वर्ग मी ऐकलाच नव्हता. काकू ‘जाऊ दे गं’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. पण आता नको मला काही, थोडे दिवस.” मी मान डोलावली आणि परत आले. क्षमा मागितली की ती लगेच मिळालीच पाहिजे, असा हट्ट धरणं हीसुद्धा एक प्रकारची हावच, हे त्या दिवशी कळलं.

राहिली मधली अट, नैरंतर्य. ही वाचून पूर्वी मला धास्ती वाटायची. खंड पडला की संपलं, असं वाटायचं. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच भीती बोलून दाखवतो. श्रद्धा आहे पण वाटेतच घसरला, अशा माणसाचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो का? आणि भगवंत त्याला किती मायेने उत्तर देतात! चांगल्या वाटेवर चाललेल्याची दुर्गती होत नाही. तो जिथे थांबला, तिथून पुढे त्याचा प्रवास चालू होतो. त्याच अध्यायात मनाबद्दल सांगताना भगवंत म्हणतात की ते जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणावं. म्हणजे पळणार हे त्यांना माहीतच आहे! नैरंतर्य म्हणजे परत येण्यात खंड पडू न देणं, असा अर्थ मी माझ्यापुरता लावलाय. पण परत यायचं तर गेलो होतो हे कबूल करावं लागतं. खोटी भरलेली वही माणसाला परत येऊच देत नाही, कारण तिच्यात आपण कधी गेलेलोच नसतो.

आज शीटवर २१ तास खरे भरून झालेत. १७ राहिलेत. लॅपटॉप आता आडवा, कपाटाजवळ ठेवते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मॅट दिसते. कॅमेरा चालू असतो. एकदा माझ्याकडचं नेट गेलं, स्क्रीन काळी झाली, आणि मी ताडासनात तशीच उभी राहिले. कुणी बघत नव्हतं. योगसूत्रांत ज्याला द्रष्टा म्हटलंय, आपण ज्याला पांडुरंग म्हणतो, त्याचं नेट जात नाही, एवढं आठवलं आणि बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात काकूंनी दार वाजवलं. डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. म्हणाल्या, “खुर्चीत बसून करण्यासारखं काही असेल तर सांग. पण आधी मला काय काय विचारायचं ते विचार.” मी वही आणली आणि विचारायला बसले. वीस मिनिटं नुसती विचारतच होते. त्या दिवशी आम्ही फक्त सावकाश श्वास घेतला आणि सोडला. त्याचं रेकॉर्डिंग केलं नाही.

आजचा छोटा अभ्यास : तुमची योगाची वही असेल, जपाची माळ असेल, पारायणाचा तक्ता असेल किंवा ऑफिसची टाइमशीट. त्यात एखादा आकडा असा आहे का, जो तुम्ही भरला पण जगला नाहीत? आज तो एकच आकडा खोडा. दिसेल असा खोडा. आणि उद्या सकाळी तेवढं, फक्त तेवढंच, खरं करा.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी! 🙏